बारा वाजून आठ मिनिटांनंतर

८ डिसेंबर २०२४, रविवार. उशिरा उठलो, सवयीने फोन हातात घेतला आणि झोपच उडाली. बशर अल-असद दमास्कस सोडून पळाला होता! बाप-लेकांची मिळून ५४ वर्षांची सत्ता, त्यातली शेवटची १३ वर्षं नुसतं युद्ध, आणि शेवट मात्र जेमतेम बारा दिवसांत. पुतळे पडत होते, तुरुंगांची दारं उघडत होती. मी पहिला मेसेज केला तो बुखारेस्टला, माझ्या जुन्या टीम लीडना. "बघितलंत का?"

पाचेक मिनिटांत उत्तर आलं. "बघतेय. टीव्ही स्टेशनात कोण बसलंय?"

मला हसूच आलं. हा प्रश्न त्यांनी १३ वर्षांपूर्वीही विचारला होता, आणि तेव्हा मला त्यांचा मनापासून राग आला होता. तर गोष्ट तिथूनच सुरू करतो.

२०१० ते २०१३ मी दुबईत एका प्रोजेक्टवर होतो. टीम म्हणजे छोटा संयुक्त राष्ट्रसंघच. आम्ही तीन मराठी, दोन मल्याळी, एक सीरियन, एक इजिप्शियन, आणि सगळ्यांच्या वर या रुमानियन बाई. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, पण आम्ही मराठी पोरं आपसात त्यांना 'बाई'च म्हणायचो. होत्याही तशाच, शाळेतल्या बाईंसारख्या. कोड रिव्ह्यूला बसल्या की चष्म्यावरून बघत एकच विचारायच्या, "ठीक आहे, चाललं. आणि नाही चाललं तर?"

११ फेब्रुवारी २०११ ला शुक्रवार होता, म्हणजे तेव्हाची दुबईची सुट्टी. पण आमचं रिलीज होतं, त्यामुळे सगळे ऑफिसात. कोपऱ्यातल्या टीव्हीवर अल जझीरा चालू. रात्री आठच्या सुमारास इजिप्तचे उपाध्यक्ष ओमर सुलेमान पडद्यावर आले आणि अर्ध्या मिनिटात वाचून मोकळे झाले. मुबारकने पद सोडलंय, देशाचा कारभार सैन्याच्या सर्वोच्च परिषदेकडे. ३० वर्षांची सत्ता १८ दिवसांत खलास! आमचा इजिप्शियन मित्र ढसाढसा रडत होता, एकेकाला मिठी मारत होता. बाईंनीही त्याला घट्ट मिठी मारली, अभिनंदन केलं. आणि मग हळूच विचारलं,

"हे वाचून दाखवणारा कोण होता?"

"उपाध्यक्ष."

"दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत?"

"गुप्तचर खात्याचा प्रमुख."

"आणि टीव्ही स्टेशनाबाहेर रणगाडे कोणाचे आहेत?"

तो क्षणभर गप्प झाला. मग हसून म्हणाला, "सैन्य आणि जनता एक हात!" तहरीर चौकातली घोषणाच होती ती. बाई पुढे काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, काय ही बाई! एवढ्या आनंदात असं काही विचारायचं असतं का?

रिलीज संपायला रात्रीचे दोन वाजले. करामातल्या एका कॅफेटेरियात करक चहा घेत बसलो होतो, तेव्हा मी रागारागाने म्हणालो की तुम्ही त्याचा आनंद घालवलात. बाई बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग बोलायला लागल्या त्या पहाटेपर्यंत. (बोलणं अर्थातच इंग्रजीत. इथे मराठीत लिहितोय.)

"मी सरकारी हुकमाने जन्मलेय," ही त्यांची सुरुवात. म्हणजे कसं, तर १९६६ मध्ये निकोलाय चाउशेस्कुने रुमानियात गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. त्याला लोकसंख्या वाढवायची होती. १९६७ मध्ये देशातले जन्म एका वर्षात जवळपास दुप्पट झाले! बाई त्यातल्याच एक. ही पिढी शाळेत गेली तेव्हा बाकं पुरेनात, पुढे वसतिगृहं पुरेनात. आणि १९८९ साली ही सगळी पोरं २२ वर्षांची होती. नको असताना जन्माला घातलेली, तरुण आणि थंडीने कुडकुडणारी.

कुडकुडणारी हे अगदी शब्दशः. ८० च्या दशकात चाउशेस्कुने परदेशी कर्ज फेडायचा ध्यास घेतला. देशात पिकेल, बनेल ते परदेशात. घरात मांस, अंडी, तेल सगळं रेशनवर. हिवाळ्यात घरं गरम करायची वाफ तोडलेली, टीव्ही दिवसाला दोन तास. त्याच दोन आठवड्यांत मुबारकने इजिप्तचं इंटरनेट पाच दिवस बंद केलं होतं, आणि आम्ही इंजिनियर लोक अख्खा देश नेटवरून उतरवायचा कसा यावर तावातावाने चर्चा करत होतो. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे टाइपरायटरची पोलिसांत नोंद करावी लागायची. त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करायचा, म्हणजे उद्या पत्रक सापडलं तर यंत्र शोधता येईल. बंद करायला आमच्याकडे इंटरनेट नव्हतं, पण विचार तोच."

आता डिसेंबर १९८९. टिमिश्वारा नावाच्या शहरात लास्लो टोकेश या हंगेरियन वंशाच्या पाद्रीला घरातून काढायचा सरकारी आदेश होता. १५ डिसेंबरला त्याच्या घराभोवती त्याच्या चर्चची माणसं जमली. मग शेजारचे रुमानियन जमले, मग सगळं शहर. १७ डिसेंबरला सैन्याने गोळ्या झाडल्या. चाळीसेक मृतदेह गुपचूप बुखारेस्टला नेऊन जाळले आणि राख गटारात टाकली. (तारीख लक्षात ठेवा. बरोबर २१ वर्षांनी, १७ डिसेंबर २०१० ला, ट्युनिशियातल्या सिदी बुझिदमध्ये मोहम्मद बुअझीझी या २६ वर्षांच्या भाजीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं. योगायोगच, पण बाई तो कधी विसरत नाहीत.)

२१ डिसेंबरला चाउशेस्कुने बुखारेस्टच्या चौकात सभा बोलावली, टीव्हीवर थेट. नेहमीप्रमाणे टाळ्या पडणार असा हिशोब. पण गर्दीतून हुर्यो झाली. तो "हॅलो! हॅलो!" करत राहिला, जणू माइक बिघडलाय. मग पगारात वाढ जाहीर केली. उपयोग शून्य. त्या रात्री विद्यापीठ चौकात पोरांवर गोळ्या चालल्या. २२ तारखेला सकाळी संरक्षणमंत्री मिलेया गोळी लागून मेल्याची बातमी आली. सैन्याची सूत्रं दिली स्तानकुलेस्कु या जनरलकडे. हा गडी रात्रीच टिमिश्वाराहून परतला होता आणि नको ते आदेश द्यावे लागू नयेत म्हणून धडधाकट पाय प्लास्टरमध्ये घालून आला होता! त्याने तुकड्यांना बराकीत परत जायला सांगितलं. दुपारी १२ वाजून ८ मिनिटांनी हेलिकॉप्टर गच्चीवरून उडालं, आणि २४ वर्षांची सत्ता संपली.

गोष्ट इथे संपते असं मला वाटत होतं. सिनेमात इथेच नावं यायला लागतात.

"खरं तर इथे सुरू होते," बाई म्हणाल्या. "त्या दुपारी आम्ही झेंड्यांच्या मधलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं. मधोमध भोक पडलेले झेंडे घेऊन नाचत होतो. त्या भोकात काय बसवायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं होतं ते तोवर टीव्ही स्टेशनात पोचले होते."

दुपारी टीव्हीवर आधी एक कवी आणि एक नट आले, आपण जिंकलो म्हणून सांगायला. रात्री आले इयॉन इलिएस्कु. कोण हे? पूर्वी चाउशेस्कुचेच मंत्री, पक्षाच्या केंद्रीय समितीत बसलेले, नंतर बाजूला टाकलेले. त्यांनी 'राष्ट्रीय मुक्ती आघाडी'चं पहिलं निवेदन वाचून दाखवलं. आणि त्याच सुमाराला शहरात पुन्हा गोळीबार सुरू झाला. टीव्हीवरून सांगायला लागले, 'दहशतवादी' हल्ला करतायत, टीव्ही वाचवायला या! नि:शस्त्र लोकांना, गोळीबार चालू असताना!

बाई गेल्या. पॉलिटेक्निकमधला एक वर्गमित्र बरोबर होता. २३ च्या रात्री टीव्ही स्टेशनाजवळच्या रस्त्यावर त्याला गोळी लागली. "कुठून आली ते दिसलं नाही. समोरच्या इमारतीतून, रणगाड्यावरून, की आमच्यातल्याच कोणाच्या बंदुकीतून. त्या दिवशी सगळ्यांना बंदुका वाटत होते." त्याच सकाळी ओतोपेनी विमानतळावर मदतीला पाठवलेल्या सैनिकांवर तिथल्याच सैनिकांनी दहशतवादी समजून गोळ्या झाडल्या होत्या. चाळीसहून अधिक मेले. दोन्ही बाजू एकाच सरकारच्या!

आणि हे दहशतवादी कोण? अफवा होती, की अरब आहेत! चाउशेस्कुची गद्दाफी आणि अराफतशी दोस्ती, रुमानियात शिकणारी हजारो अरब मुलं, त्यामुळे लोकांना पटलं. बाईंच्या वसतिगृहात एक सीरियन मुलगा होता. तो तीन दिवस खोलीबाहेर पडला नाही. असा कोणी अरब दहशतवादी कुठल्याही कोर्टात कधीच उभा राहिला नाही. पुढे २०११ मध्ये लिबियात 'गद्दाफीचे भाडोत्री आफ्रिकन' म्हणून काळ्या मजुरांना मारहाण व्हायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "दर वेळी एक परका लागतो. म्हणजे आपल्यातलं कोण गोळी झाडतंय ते विचारावं लागत नाही."

आता आकडे बघा. रुमानियाच्या क्रांतीत सुमारे ११०० माणसं मेली. त्यातली नऊशेहून अधिक चाउशेस्कु पळाल्या*नंतर*. म्हणजे हुकूमशहाने मारली त्याच्या कित्येक पट, तो गेल्यावर. २५ डिसेंबरला तासाभराचा खटला चालवून त्याला आणि बायकोला भिंतीशी उभं करून उडवलं. जे बरंच काही सांगू शकले असते ते दोघंही गप्प झाले.

आपल्या भाषेत सांगायचं तर सीईओला हाकललं, लॉबीतला फोटो उतरवला, पण सर्व्हरचे ॲडमिन पासवर्ड जुन्याच माणसांकडे राहिले. मार्च १९९० मध्ये टिमिश्वाराच्या लोकांनी एक जाहीरनामा काढला. त्याचं आठवं कलम असं, की जुने पक्षाधिकारी आणि 'सिक्युरिटाटे'चे, म्हणजे गुप्त पोलिसांचे अधिकारी यांना पहिल्या तीन निवडणुकांत उभं राहू देऊ नये. म्हणजे पासवर्ड बदला! कोणी ऐकलं नाही. मे १९९० च्या निवडणुकीत इलिएस्कुंना ८५ टक्के मतं पडली. विद्यापीठ चौकात मुलं धरणं धरून बसली होती, त्यांना ते गुंड म्हणाले. जूनमध्ये जिउ खोऱ्यातले खाणकामगार रेल्वेने बुखारेस्टला आले आणि लाठ्या घेऊन पोरांना झोडपलं, विरोधी पक्षांची कार्यालयं फोडली. इलिएस्कुंनी त्यांचे जाहीर आभार मानले. "आणि माहितीये," बाई म्हणाल्या, "फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवणारे माझ्या शेजारचे लोक होते. त्यांना शांतता हवी होती. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात."

मी त्या पहाटे हे सगळं ऐकलं, आणि खरं सांगतो, मनात म्हटलं की हा रुमानियाचा प्रॉब्लेम आहे. इजिप्त वेगळं आहे. तिथे तर सैन्याने गोळी झाडायला नकार दिलाय.

पुढची अडीच वर्षं मी हळूहळू शहाणा होत गेलो. सैन्याच्या परिषदेचे प्रमुख होते फील्ड मार्शल तंतावी, मुबारकचेच वीस वर्षांचे संरक्षणमंत्री. ९ मार्च २०११ ला सैन्याने तहरीर चौक रिकामा केला, पोरांना बडवून. ९ ऑक्टोबरला कैरोत कॉप्टिक ख्रिश्चनांच्या मोर्चात वीसहून अधिक लोक मेले, काही लष्करी गाड्यांखाली चिरडून. जागा कुठली? मास्पेरो, म्हणजे सरकारी टीव्हीची इमारत. आणि त्या रात्री त्याच टीव्हीवरून निवेदिका सांगत होती, की सभ्य नागरिकांनो, बाहेर या आणि सैन्याचं रक्षण करा! दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलाशी गेलो. काय बोलावं कळेना. त्यांनी मान वर न करता स्क्रीनकडे बघत म्हटलं, "हो, पाहिलं."

जून २०१२ मध्ये मुस्लिम ब्रदरहुडचे मोर्सी जेमतेम ५२ टक्के मतांनी निवडून आले. वर्षभरात लोक त्यांनाही वैतागले. ३० जून २०१३ ला प्रचंड गर्दी रस्त्यावर, आणि ३ जुलैला जनरल सीसींनी त्यांना हटवलं. कुठे जाहीर केलं? टीव्हीवर. आमचा इजिप्शियन मित्र ऑफिसात बसबूसाचा मोठा डबा घेऊन आला. त्याला ब्रदरहुड अजिबात नको होतं, आणि त्याची कारणंही होती. सगळ्यांनी खाल्ला. बाईंनी नम्रपणे नको म्हटलं. "जेव्हा दुसऱ्यांच्या पोरांवर लाठी चालते ना, तेव्हा टाळ्या वाजवू नकोस. एवढंच सांगते." तो चिडला, दोन दिवस बोलला नाही. १४ ऑगस्टला कैरोतल्या राबा चौकात मोर्सींच्या समर्थकांचं धरणं मोडताना एका दिवसात शेकडो माणसं मारली गेली. ह्युमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार कमीत कमी ८१७. त्यानंतर मित्राने ऑफिसात राजकारणाचा विषय परत काढला नाही. मी दुबई सोडली तेव्हा निरोपाच्या जेवणात तो बाईंच्या शेजारी बसला होता. दोघं मुलांच्या शाळांविषयी बोलत होते.

पण मंडळी, इथे थोडं थांबायला हवं. बाईंचा चष्मा घातला की सगळीकडे रुमानियाच दिसायला लागतो, आणि ते काही खरं नाही. हे त्यांनाही मान्य होतं.

पहिला फरक सैन्याचा. रुमानियाच्या सैन्याने डिसेंबरमध्ये बाजू बदलली, पण कम्युनिस्ट राजवटीत देश त्याने चालवला नव्हता. इजिप्तमध्ये १९५२ पासून सैन्यच सत्तेचा कणा. त्याचे कारखाने, त्याच्या जमिनी, त्याचे रस्ते, त्याच्या शेवया! असं सैन्य स्वतःला बडतर्फ कशाला करेल? ट्युनिशियाचं सैन्य छोटं, राजकारणापासून लांब ठेवलेलं. म्हणून तिथे पुढचा रस्ता उघडला: २०१४ ची राज्यघटना, २०१५ चं शांततेचं नोबेल. तोही पुरला नाहीच. जुलै २०२१ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष कैस सईदनीच संसद गोठवली. सीरियात तर सैन्याचा मोठा भाग राजाला चिकटून राहिला, आणि लाखो माणसं मेली.

दुसरा फरक शेजाराचा. रुमानियासमोर युरोप होता. नाटोत जायचं, युरोपीय संघात जायचं, तर अटी पाळा: कोर्टं सुधारा, सैन्य नागरी सरकारच्या ताब्यात आणा. १९९६ मध्ये इलिएस्कु निवडणूक हरले आणि चक्क घरी गेले. (२००० मध्ये परत निवडून आले, ते सोडा.) १९९९ च्या कायद्याने लोकांना सिक्युरिटाटेने ठेवलेल्या स्वतःच्या फाइली बघता यायला लागल्या. २००४ मध्ये नाटो, २००७ मध्ये युरोपीय संघ. म्हणजे पासवर्ड बदलायला १५ वर्षं लागली, तेही बाहेरचा ऑडिटर डोक्यावर बसला म्हणून! इजिप्तच्या डोक्यावर असा ऑडिटर नव्हता. उलट पैसे देणाऱ्या शेजाऱ्यांना जुनीच सिस्टिम हवी होती.

निरोपाला बाईंनी मला एक डीव्हीडी दिली. कॉर्नेलिउ पोरुंबोइउ या दिग्दर्शकाचा २००६ चा सिनेमा, इंग्रजी नाव 'ट्वेल्व्ह ओ एट ईस्ट ऑफ बुखारेस्ट'. मूळ रुमानियन नावाचा अर्थ साधारण 'झाली होती की नव्हती?' एका लहान गावातल्या टीव्हीवर चर्चा चाललीय, की आपल्या गावात क्रांती झाली होती का? म्हणजे लोक चौकात १२:०८ च्या आधी आले की नंतर? आधी आले असतील तर क्रांती. नंतर आले असतील तर नुसती जत्रा. बघताना भयंकर हसू येतं, आणि मग येत नाही.

मी बाईंना विचारलं होतं, "मग तुम्ही कधी आलात?"

"२१ च्या रात्री. आधी." थोडं थांबून म्हणाल्या, "तो पण."

त्या वर्गमित्राला कोणी मारलं याचं उत्तर अजून नाही. मे २०११ मध्ये, तहरीर अजून ताजं असताना, स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रुमानियाला सुनावलं की २० वर्षांत तुम्ही या मृत्यूंचा धड तपास केलेला नाही. स्तानकुलेस्कुंना टिमिश्वाराच्या गोळीबाराबद्दल २००८ मध्ये शिक्षा झाली. इलिएस्कुंवर २०१८ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचे आरोप ठेवले गेले. निकाल लागायच्या आधीच, ५ ऑगस्ट २०२५ ला, ९५ व्या वर्षी ते वारले. मी बाईंना मेसेज केला. उत्तर एका ओळीचं: "आता विचारायला कोणी उरलं नाही."

मग वाटतं, एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने रस्त्यावर उतरूच नये. तर तसंही नाही! २०१७ च्या सुरुवातीला रुमानियाच्या सरकारने रातोरात वटहुकूम काढून भ्रष्टाचाराचे काही गुन्हे सौम्य करायचा घाट घातला. कडाक्याच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर आले आणि सरकारला वटहुकूम मागे घ्यावा लागला. बाई तेव्हा बुखारेस्टला परतल्या होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, मोबाइलचा दिवा हातात धरून चौकात उभ्या. फोटो पाठवला होता. मी विचारलं, "परत?" म्हणाल्या, "१९८९ मध्ये वाटलं एकदा जाऊन यायचं की झालं. आता कळलंय, हे मेंटेनन्सचं काम आहे."

त्या रविवारी, ८ डिसेंबरला, मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधून पाठवलं. टीव्हीवर बंडखोरांचा एक गट बसून निवेदन वाचतोय, जुने पंतप्रधान जागेवरच आहेत आणि सहकार्य करू म्हणतायत. मग विचारलं, "काय वाटतं?"

उत्तर यायला वेळ लागला.

"आमच्या वसतिगृहातल्या त्या सीरियन मुलाला आत्ताच फोन लावला होता. साठीला आलाय, जर्मनीत असतो. नुसता रडतोय. आज मी त्याला काही विचारलं नाही. उद्या विचारीन."